यंत्र नवे, प्रश्न जुने

विद्यापीठीय अध्यापनात तंत्रज्ञानाचा अवलंब करावा की नाही, हा वाद मराठीच्या क्षेत्रात काही दशके चालू आहे आणि त्यातील दोन्ही पक्षांचे युक्तिवाद आता सर्वांना पाठ झाले आहेत. एका पक्षाच्या मते काळ बदलला, विद्यार्थी बदलला, तेव्हा अध्यापकानेही पडद्यावर आले पाहिजे. दुसऱ्या पक्षाच्या मते साहित्याचे अध्यापन ही दोन संवेदनशील मनांची भेट असते आणि तिच्यात यंत्राला स्थान नाही. वरवर पाहता हे पक्ष परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात एका गृहीतकाविषयी दोघांचे पूर्ण एकमत आहे, आणि ते म्हणजे अध्यापन म्हणजे व्याख्यान. पहिल्याला ते व्याख्यान अधिक दूरवर पोचवायचे आहे, दुसऱ्याला ते वर्गाच्या चार भिंतींत राखायचे आहे. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थ्याने साहित्यकृतीचे नेमके काय करायचे, हा प्रश्न मात्र दोघांनीही विचारलेला नाही. मराठीच्या विभागांत आलेले तंत्रज्ञान आजवर निष्फळ ठरले, त्याचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

या तंत्रज्ञानाचा इतिहास फार लांबचा नाही. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उपक्रम सुरू केला. त्यासाठी पुण्यासह काही ठिकाणी दृक्‌श्राव्य निर्मितीची केंद्रे उभी राहिली, आणि त्यांच्या समन्वयासाठी १९९३ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. या कार्यक्रमांची भाषा बव्हंशी इंग्रजी होती. २० सप्टेंबर २००४ रोजी शैक्षणिक प्रसारणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले. आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी अशा अभ्यासक्रमांतून एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा दिली होती. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. दरम्यान मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे वर्ग बंद झाले आणि ज्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता, असे अध्यापकही आठवडाभरात पडद्यावरून शिकवू लागले.

दूरचित्रवाणी, उपग्रह आणि आंतरजाल अशी साधने चार दशकांत तीनदा बदलली, परंतु त्यांतून वाहून नेला जाणारा माल तोच राहिला. ‘स्वयम्’च्या रचनेत चित्रित व्याख्यान, वाचनसामग्री, चर्चा आणि चाचणी अशी चार अंगे कल्पिलेली आहेत, आणि कागदावर ही रचना चांगली आहे. तथापि साहित्याच्या अभ्यासक्रमात वाचनसामग्री म्हणजे बहुधा व्याख्यानाचाच लिखित सारांश असतो आणि चाचणी म्हणजे पर्यायी उत्तरांचे प्रश्न. कादंबरीचे प्रकाशनवर्ष कोणते, अमुक संज्ञा कोणत्या समीक्षकाची, असे विचारून साहित्याची जाण मोजता येते, हे या चाचणीचे गृहीत आहे. त्यातच ‘नॅक’च्या अहवालांसाठी दृक्‌श्राव्य साधनांनी युक्त वर्गखोल्या मोजल्या जाऊ लागल्या. खोलीत प्रक्षेपक आहे की नाही हे मोजणे सोपे असते. त्या प्रक्षेपकावर कवितेचा पाठ दिसतो की कवीच्या जन्ममृत्यूच्या तारखा, हे मोजणारा रकाना कोणत्याच अहवालात नसतो.

याचा दोष एकट्या यंत्राच्या पुरस्कर्त्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. व्याख्यानाला हे महत्त्व प्राप्त झाले ते परीक्षेमुळे. पदव्युत्तर मराठीच्या प्रश्नपत्रिकांचा साचा परिचित आहे: अमुक कवीच्या निसर्गकवितेची वैशिष्ट्ये विशद करा, तमुक कादंबरीतील स्त्रीचित्रण सोदाहरण स्पष्ट करा, साहित्याच्या प्रयोजनांची चर्चा करा. यांतील कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नेमलेले पुस्तक न उघडता लिहिता येते, आणि असंख्य विद्यार्थी ते तसेच लिहितात. पुस्तकाविषयी काय म्हणावे हे अध्यापकाच्या टिपणांतून किंवा बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तिकेतून मिळाले की काम भागते. अशा व्यवस्थेत व्याख्यान हे टिपणांचे उगमस्थान असते आणि तंत्रज्ञान हे टिपणांचे वाहन.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले आणि ही व्यवस्था उघडी पडली. निसर्गकवितेची वैशिष्ट्ये विशद करणारे उत्तर आता काही क्षणांत तयार होते. विद्यापीठांत त्यावर जी खळबळ उडाली तिचा रोख चौर्यकर्मावर आणि ते पकडण्याच्या उपायांवर होता. परंतु जे उत्तर यंत्र देऊ शकते ते मार्गदर्शक पुस्तिकाही देत होती. फरक इतकाच की पुस्तिकेला किंमत पडत होती. यंत्राला उत्तर येते यापेक्षा, यंत्राला उत्तर येईल असाच प्रश्न विद्यापीठ वर्षानुवर्षे विचारत आले, हे अधिक लज्जास्पद आहे. शिवाय ही यंत्रे कवीच्या नावावर त्याने कधीही न लिहिलेल्या ओळी बिनदिक्कत घालतात. ती ओळ खोटी आहे हे ओळखण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे मूळ संहिता हाताशी असणे व ती वाचण्याची सवय असणे. विद्यार्थ्याला नेमके तेच शिकवलेले नसते.

अध्यापनाची पद्धत खऱ्या अर्थाने बदलणारी उदाहरणे साहित्याभ्यासाच्या इतिहासात आहेत, आणि त्यांपैकी एक मराठी समीक्षेच्या विद्यार्थ्याला पुरेसे परिचित आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांच्या हाती कवितांचे छापील कागद दिले. त्यांवर कवींची नावे नव्हती. विद्यार्थ्यांनी कविता वाचून आठवडाभराने आपले अभिप्राय लिहून द्यायचे होते. अशा १३ कवितांवरील अभिप्रायांच्या विश्लेषणातून १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ सिद्ध झाला. कवीचे नाव नसताना चांगले विद्यार्थीही साधा वाच्यार्थ चुकतात, ठरीव प्रतिसादांचा आश्रय घेतात, हे त्यातून दिसले. येथे वापरलेले यंत्र म्हणजे केवळ मुद्रणयंत्र होते. परंतु कागदावरून नाव काढून टाकण्याच्या एका कृतीने परीक्षेचा प्रश्नच बदलला: ‘या कवीविषयी काय सांगतात?’ या प्रश्नाची जागा ‘या शब्दांत काय आहे?’ या प्रश्नाने घेतली. मराठीच्या अभ्यासक्रमाने रिचर्ड्स यांना समीक्षेच्या इतिहासात ‘नेमले’ आणि त्यांच्या सिद्धांतावर दीर्घोत्तरी प्रश्न विचारला. नाव काढलेला तो कागद मात्र वर्गात क्वचितच वाटला गेला.

दुसरे उदाहरण इटलीतील जेझुइट पंथाचे पाद्री रोबेर्तो बुसा यांचे. सेंट थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातील ‘सान्निध्य’ या कल्पनेचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले, की ती कल्पना भारदस्त संज्ञांपेक्षा ‘आत’ या अर्थाच्या एका क्षुल्लक लॅटिन अव्ययात अधिक दडलेली आहे. त्या अव्ययाची स्थळे त्यांनी सुमारे १०,००० कार्डांवर हाताने उतरवली आणि मग, १९४९ मध्ये, अशी सूची अक्वायनसच्या समग्र लेखनासाठी करता यावी म्हणून आयबीएम या कंपनीचे साहाय्य मागितले. तीन दशकांनंतर, १९८० मध्ये, त्या सूचीचे ५६ खंड छापून पूर्ण झाले. संगणकाच्या साहाय्याने साहित्याचा अभ्यास करण्याच्या परंपरेचा आरंभ येथून मानला जातो. या प्रकरणात घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाचन झाले, वाचनातून प्रश्न निघाला, प्रश्नासाठी हाताने कष्ट झाले, आणि मनुष्यबळ अपुरे पडल्यावर यंत्र आले. मराठीच्या विभागांत हा क्रम नेमका उलटा झाला. येथे अनुदान आधी आले, अनुदानातून यंत्र आले, आणि यंत्राचे काय करावे याचा विचार उपयोगिता प्रमाणपत्र पाठवण्याच्या वेळी सुरू झाला.

या ठिकाणी रसिकतेच्या कैवाऱ्यांचा आक्षेप अपेक्षित आहे. शब्द मोजून कविता कळत नाही, याद्या म्हणजे समीक्षा नव्हे, असे ते म्हणतील. शब्द मोजून कविता कळत नाही, हे खरेच आहे. परंतु शब्दाकडे बारकाईने पाहण्याला यांत्रिक ठरवणे म्हणजे मराठीच्या स्वतःच्या परंपरेचा विसर पडणे होय. चक्रधरांची वचने वेचून ‘सूत्रपाठ’ सिद्ध करणारे केसोबास आणि त्या सूत्रांवर पिढ्यान्‌पिढ्या भाष्ये लिहिणारे महानुभाव ग्रंथकार एकेका शब्दाचे अवधान ठेवत होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे निरनिराळ्या पाठांच्या पोथ्या होत्या आणि त्यांतून निवड करण्याची जबाबदारी होती. रा. ना. वेलिंगकर यांनी ‘ज्ञानेश्वरीचे शब्दभांडार’ सिद्ध केले ते संगणकाच्या साहाय्यावाचून. या मंडळींना रस कळत नव्हता असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. रस आणि पाठ यांची फारकत ही परंपरेने केलेली नाही. ती परीक्षेने केली.

मराठीतील संहितांची स्थिती पाहिली म्हणजे या फारकतीची किंमत कळते. तुकारामांची गाथा प्रत्येक विद्यापीठात कोठे ना कोठे नेमलेली असते. परंतु ‘गाथा’ म्हणजे कोणती? मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या अनुदानातून इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ आणि १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले पंडितद्वयाचे दोन खंड, की वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून १९१९-२० मध्ये छापलेला आणि पहिलीपेक्षा बराच लहान असलेला ‘अस्सल’ गाथा, की पु. मं. लाड यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये निघालेली शासकीय आवृत्ती? अभंगांची संख्या, त्यांचा क्रम आणि शब्दांची रूपे यांबाबत या प्रतींत भेद आहेत. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत एकनाथांच्या प्रतीहून जुनी म्हणून वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एक प्रत छापली आणि तिच्या प्राचीनत्वाविषयी पुढे वाद झाले. हा प्रश्न प्राचीन वाङ्मयापुरताच आहे असेही नाही. केशवसुत १९०५ मध्ये वारले आणि त्यांच्या कवितांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी सिद्ध केला. त्यांच्या हयातीत त्या कविता ‘काव्यरत्नावली’सारख्या नियतकालिकांतून विखुरलेल्या होत्या. आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणून ज्याचा अभ्यास होतो, त्याचा पाठ संपादकांच्या हातून आलेला आहे, ही गोष्ट एम. ए. झालेल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते?

तंत्रज्ञानाचे खरे काम येथे आहे. एकाच अभंगाचे तीन छापील पाठ पडद्यावर शेजारी शेजारी ठेवता येतात. त्यांतील कोणता भेद लेखनपद्धतीचा, कोणता गायनपरंपरेतून आलेला, कोणता संपादकाच्या सोवळेपणाचा, हे विद्यार्थ्याला स्वतः ठरवावे लागते, आणि ठरवताना त्याला भाषेचा इतिहास, संप्रदायाचा इतिहास व मुद्रणाचा इतिहास या तिन्हींना हात घालावा लागतो. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९ मधील प्राचीन मराठीचा कोश हे शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे आज संगणकावर विनामूल्य शोधता येतात. ज्या गावात एकही कोश विकत मिळत नाही तेथील विद्यार्थ्यालाही ते खुले आहेत. असे असता पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या संदर्भग्रंथांच्या यादीत समीक्षाग्रंथांची रांग असते आणि कोश क्वचितच असतो. साधन उपलब्ध असूनही त्याची गरज भासेल असा प्रश्नच विचारला जात नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

जे उपलब्ध नाही त्याचीही नोंद केली पाहिजे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. तरीही त्यानंतर बरीच वर्षे मराठी मुद्रणव्यवसाय अशा अक्षरसंचांवर चालला, की पडद्यावर देवनागरी दिसणारा मजकूर संगणकाच्या लेखी रोमन चिन्हांची अर्थहीन ओळ असे. त्या काळात जुळवलेली पुस्तके आज शोधता येत नाहीत, दुसऱ्या संचात नेली की फुटतात. जुने ग्रंथ प्रतिमारूपाने आंतरजालावर आले आहेत आणि त्याबद्दल ते काम करणाऱ्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु पानाचे छायाचित्र म्हणजे शोधक्षम संहिता नव्हे. ज्या संहिता शोधक्षम आहेत, त्यांपैकी बहुतेकांवर त्या कोणत्या आवृत्तीवरून घेतल्या, कोणी तपासल्या, याची नोंद नसते. गाथेची अशी अनामिक प्रत वापरून काढलेला निष्कर्ष वाळूवर उभा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांमुळे पीएच. डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’त जमा होऊ लागले. त्या प्रबंधांसाठी अभ्यासकांनी ज्या दुर्मीळ संहिता मिळवल्या, उतरवल्या, ताडून पाहिल्या, त्या मात्र कोठेच जमा होत नाहीत. पुढचा अभ्यासक पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो.

व्याख्यानांच्या चित्रणाचे समर्थन सामाजिक न्यायाच्या भाषेत केले जाते. गडचिरोलीतील विद्यार्थ्याला मुंबईतील प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकायला मिळते, यात लोकशाही आहे, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद तुच्छतेने उडवून लावण्यासारखा नाही. परंतु तो तपासला पाहिजे. एका तासाच्या चित्रित व्याख्यानाच्या तुलनेत सुमारे ९,००० ओव्यांची संपूर्ण ज्ञानेश्वरी संगणकात नगण्य जागा घेते. ती एकदा उतरवून घेतली की पुढे आंतरजालाचीही गरज राहत नाही. जेथे वीज आणि जोडणी बेभरवशाची आहे, तेथे चित्रणापेक्षा संहिता सहज पोचते. तरीही चित्रणच पाठवले जाते, कारण या योजनांच्या दृष्टीने दूरचा विद्यार्थी हा श्रोता आहे. शहरातल्याने बोलावे आणि खेड्यातल्याने ऐकावे, ही जुनी उतरंड यंत्राने मोडली नाही, तिला अधिक पल्ला दिला. गडचिरोलीतील विद्यार्थ्याच्या हाती पाठभेदांसह संहिता आणि कोश दिला, तर तो मुंबईच्या प्राध्यापकाची चूक दाखवू शकेल. लोकशाही हा शब्द त्या वेळी सार्थ होईल.

या प्रश्नाला रोजगाराचीही बाजू आहे आणि तिच्याविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांची स्थिती सर्वांना माहीत आहे. अध्यापन म्हणजे व्याख्यान हे एकदा मान्य केले, तर एकदाच चित्रित केलेले व्याख्यान हजारो वर्गांना पुरते, आणि मग रिक्त पद भरण्याचे प्रयोजन उरत नाही. ४० टक्के श्रेयांकांची मुभा विद्यार्थ्याच्या निवडीसाठी दिलेली असली तरी काटकसरीच्या हाती ती पदे गोठवण्याचे साधन होऊ शकते. यावर ‘गुरुशिष्यांची भेट’ असा भावनिक प्रतिवाद तोकडा पडतो. जो अध्यापक वर्षानुवर्षे तीच टिपणे वाचून दाखवतो, त्याची जागा चित्रफितीने घेतली तर विद्यार्थ्याचे काय गेले, या प्रश्नाला त्या प्रतिवादाजवळ उत्तर नसते. तीस विद्यार्थ्यांनी एकाच अभंगाच्या पाठभेदांवर लिहिलेली तीस वेगवेगळी टिपणे वाचणे, त्यांतील कच्चे अनुमान कोठे घसरले हे दाखवणे, त्यांवर वाद घडवणे, हे काम चित्रफीत करू शकत नाही. अध्यापकाचे स्थान राखायचे असेल तर ते या कामाच्या बळावरच राखता येईल.

त्यासाठी नवे अनुदान लागत नाही. अभ्यास मंडळांचा निर्णय लागतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमात संहिता-अभ्यासाची एक सक्तीची प्रश्नपत्रिका असावी आणि तिची परीक्षा संहिता व कोश समोर ठेवून घ्यावी. पुस्तक समोर असताना काय लिहावे हे ज्याला कळत नाही, त्याला पुस्तक दूर ठेवून काय येते हे विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक विभागाने दरवर्षी एका तरी ग्रंथाची शोधक्षम संहिता, आधारप्रतीची नोंद करून आणि विद्यार्थ्यांकडून तपासून घेऊन, सर्वांसाठी खुली करावी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन मुक्त होते. १९५६ मध्ये वारलेल्या मर्ढेकरांचे असे लेखनही २०१७ पासून मुक्त झाले आहे. हरिभाऊ आपटे, बालकवी, गडकरी यांच्या बाबतीत तर कोणतीच अडचण नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ही कामे आपसांत वाटून घेतली, तर दशकभरात एका शतकाचे मराठी वाङ्मय विश्वसनीय रूपात अभ्यासकांपुढे येईल, आणि ते सिद्ध करताना विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या पाठचिकित्सा शिकून बाहेर पडतील.

हे काम कंटाळवाणे आहे, त्यात उद्घाटनाचा समारंभ नाही आणि अहवालात मिरवता येईल असे छायाचित्र नाही. म्हणूनच ते चार दशके झाले नाही. तंत्रज्ञानाच्या पुरस्कर्त्यांनी पडदा आणला, रसिकतेच्या कैवाऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवली, आणि नेमलेले पुस्तक न उघडता मराठीची पदव्युत्तर पदवी मिळण्याची सोय दोघांच्या भांडणात अबाधित राहिली. ती सोय ज्या प्रश्नपत्रिकेत आहे ती अभ्यास मंडळाच्या पुढील बैठकीत बदलता येण्यासारखी आहे. ती बदलेपर्यंत वर्गात कोणते यंत्र बसवावे, ही चर्चा निरर्थक आहे.